न उचललेले फोन

आमच्या धंद्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्यांना वाटतं, मी फोनच्या वायरी ओढतो. वायरी ओढायला माझ्याकडं माणसं आहेत, आणि आता तर वायरीही फारशा राहिल्या नाहीत. माझं खरं काम चोंबडेपणाचं. एखाद्या कंपनीत नवी फोनयंत्रणा बसवायची तर आधी तिथं कोण कुणाशी बोलतो, कशासाठी बोलतो, आणि कोण कुणाशी अजिबात बोलत नाही, हे हुडकावं लागतं. त्याचे पैसे मिळतात म्हणून बरं. नाहीतर ही खोड मला लहानपणापासूनच आहे. कुणाच्या लग्नात जेवायला बसलो तरी आमटीला फोडणी कुणी घातली हे विचारून घेतल्याशिवाय माझा घास उतरत नाही. बायको म्हणते, तुम्हाला भूक कमी आणि चौकशा जास्त.

तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पशुखाद्याची एक कंपनी आहे. म्हशीची गोळीपेंड तयार करतात. कारखाना कागलला, आणि विक्रीचे डेपो दोन, एक गडहिंग्लजला, दुसरा पन्हाळ्याच्या पायथ्याला. जुन्या मालकांनी कारभार मुलीच्या हातात दिला आणि तिनं मला बोलावलं. सगळे तिला मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो. ती मला काका म्हणायची. तिला फोन, निरोप, व्हिडिओवरच्या मीटिंगा, सगळं एकाच यंत्रणेत पाहिजे होतं. म्हणजे गिऱ्हाइकानं कुठल्याही डेपोला फोन केला तरी तो मोकळ्या माणसाकडं जावा, आणि कोण किती बोललं ते मॅडमला कागलला बसून दिसावं.

"ऐकायला सोपं आहे," मी म्हणालो. "पण आधी मी जरा विचारपूस करतो."

पहिलं काम म्हणून सगळ्या नंबरांचे जुने रिपोर्ट काढले. कागलचा ठीक होता, पन्हाळ्याला फोन मुळातच कमी. गडहिंग्लजचा रिपोर्ट मात्र बघण्यासारखा होता. दिवसभर फोन येत होते, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी, आणि उचललेला जवळजवळ एकही नाही. पानंच्या पानं 'उत्तर नाही', 'उत्तर नाही'. मी स्वतः त्या डेपोवाल्याला चौकशीसाठी कितीतरी वेळा फोन लावला होता. त्यानं माझाही उचलला नाही. मी मनातल्या मनात त्याला चांगल्या चार कोल्हापुरी शिव्या घातल्या.

मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हा माणूस करतो काय दिवसभर?"

"मलाही तेच बघायचंय."

"बघायचं काय त्यात? गिऱ्हाईक बोंबलतंय आणि ह्याला उचलायला होत नाही." मग त्यांनी ठरवून टाकलं. गडहिंग्लजचा नंबर सरळ कागलला वळवायचा. इथं दोन मुली फोन घेतील, मागणी लिहून डेपोला कळवतील. आधी चाचणी करायची, ती जमली की डेपोच बंद करायचा. माल कारखान्यातून टेंपोनं थेट जाईल. डेपोवाल्याला कागलला यायचं असेल तर यावं, नसेल तर त्याची मर्जी.

मी सांगितल्याप्रमाणं नंबर वळवला. डेपोतला फोन गप्प झाला आणि सगळी रिंग कागलला वाजू लागली. मुली हुशार होत्या, पहिल्या रिंगलाच उचलायच्या. रिपोर्ट असा सुरेख आला की भिंतीवर लावावा. न उचललेला फोन औषधालाही नाही. मॅडम खूश, मीही खूश.

आणि गडहिंग्लजची विक्री झोपली.

बारीकसारीक नव्हे, सपशेल झोपली. डेपोत पोत्यांवर पोती तशीच. मॅडमना वाटलं, डेपोवालाच रागानं गिऱ्हाइकं फोडतोय, म्हणजे बंद करायला आणखी एक कारण झालं. मला मात्र ते पटेना. मी मुलींशेजारी खुर्ची टाकून बसलो. फोन वाजला की मुलगी गोड आवाजात म्हणायची, "नमस्कार, आपली काय सेवा करू," आणि पलीकडून फट्‌दिशी फोन बंद.

"काका, सगळे असंच करतात," ती म्हणाली. "नमस्कार म्हणून पुरा होत नाही तवर ठेवतात."

लाइन तपासली, चोख होती. आवाज तपासला, स्वच्छ होता. मग लोक फोन करत होते कशाला, आणि उचलल्यावर ठेवत होते कशाला? माझं डोकं भणभणायला लागलं. असलं काही कळलं नाही की मला अन्न गोड लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकायचं बंद करून मी सकाळची एसटी धरली आणि गडहिंग्लजला गेलो.

डेपो म्हणजे पत्र्याचं गोदाम आणि त्याला चिकटून डेपोवाल्याचं घर. तो माझ्याच वयाचा, आडवातिडवा गडी, पोत्यावर मांडी घालून बसला होता. मी कोण ते सांगितलं.

"असं व्हय. म्हंजे आमचा फोन बंद पाडणारं पावणं तुम्हीच की," तो म्हणाला. बसा म्हणाला नाही, चहा तर लांबच.

मी तरी बसलो. म्हटलं, मी भांडायला नाही, समजून घ्यायला आलोय. तेवढ्यात आतून कण्हल्याचा आवाज आला. तो उठून गेला आणि बऱ्याच वेळानं आला.

"बा हाय माझा," तो म्हणाला. "अंगावरनं वारं गेलंय. दर थोड्या येळानं कूस बदलावी लागतीया. आता मला कागलला या म्हंत्यात. मी तिकडं ग्येलो तर ह्याला कुणाच्या जिवावर टाकू? डेपो गेला तर मी संपलो बघा, सरळ सांगतो."

रिपोर्टात हे कुठंच नव्हतं. मी म्हटलं, आज सकाळपुरता फोन परत इथं वळवतो, बघूया काय होतंय. मोबाईलवरून दोन खटके दाबले आणि डेपोतला फोन जिवंत केला.

थोड्याच वेळात तो वाजला. डेपोवाल्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि नुसताच बसून राहिला. मला राहवेना. हाताशी होता, मी उचलला.

"अगं बया," पलीकडून एक बाई म्हणाली, "उचलला व्हय? संपली का पेंड? बरं बरं, ऱ्हाऊ दे." आणि फोन बंद.

डेपोवाल्यानं कपाळाला हात लावला. "का उचललासा पावणं? गेली की ती समोरच्या दुकानात."

"अहो, फोन आला तर उचलायचा नाही?"

"माल असला तर कशाला उचलू? माल न्हाय, तवाच उचलायचा."

मग तो पोरासोरांना सांगावं तसं सांगू लागला. पूर्वी फोनला पैसे पडत. शेतकरी नुसती रिंग द्यायचा, तिचा अर्थ, माझी नेहमीची पोती पाठव. डेपोवाला उचलायचा नाही, त्याचा अर्थ, निघालीच समज. माल संपला असेल तरच तो उचलायचा आणि तसं सांगायचा. आता बोलायला पैसे पडत नाहीत, पण चाल तशीच राहिली. एकतर धारा काढायच्या वेळी कुणाला बोलायला सवड नसते. दुधाची कासंडी मांडीत धरून एका बोटानं रिंग द्यायची, झालं.

"आणि उचलला की बोलावं लागतंय की," तो म्हणाला. "गोळीपेंडीपास्नं सुरू हुतंय आणि पोरीच्या लग्नापातूर जातंय. मग पोती कवा भरायची?"

"चूक होत नाही कधी?"

"हुत्या की. एकाकडं भाकड म्हशीची पेंड गेलती, त्यानं दारात येऊन माझी आई-बहीण काढली. पर गिऱ्हाईक तुटलं न्हाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे त्या जुन्या रिपोर्टातली पानंच्या पानं 'उत्तर नाही' ही सगळी विक्री होती. आणि आमच्या मुलींनी गोड आवाजात उचललेला एकेक फोन म्हणजे पेंड नाही, दुसरीकडं बघा, असा निरोप. आम्ही गावभर स्वतःच्या तोंडानं सांगत सुटलो होतो की आमच्याकडं माल नाही.

"मग तुम्ही हे कागलला का नाही सांगितलं?"

"मला कुणी इचारलं?"

"मी किती फोन केले तुम्हाला."

"त्ये व्हय तुम्ही? नवा नंबर बघून म्हटलं, नवं गिऱ्हाईक हाय. दोन दिवस हुडकत हिंडलो की पोती घेऊन."

मला हसूच फुटलं, आणि मग तोही हसला. तेव्हा कुठं घरातून चहा आला. दुपारपर्यंत मी तिथंच बसलो. फोन वाजायचा, थांबायचा, आणि तो एक-एक पोतं टेंपोत टाकायचा. इतक्या वर्षांत मी एवढ्या यंत्रणा बसवल्या, पण न बोलता चाललेला असा व्यापार कुठं बघितला नव्हता. मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

निघताना त्यानं मला एसटी स्टँडपर्यंत सोडलं. म्हणाला, "मॅडमना सांगा सगळं. उद्या दुपारी त्यांना मी रिंग दीन. डेपो बंद करणार असल्या तर उचला म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये बसून मी सगळं सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला. विक्रीचा कागद आणि फोनचा रिपोर्ट त्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहिल्या.

"म्हणजे आपण जितके फोन उचलले, तितकी गिऱ्हाइकं घालवली?"

"होय."

"आणि ह्या माणसानं इतकी वर्षं फोन न उचलून धंदा केला."

"होय. पण तुमच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. उद्या हा माणूस आजारी पडला तर हे कुणाला जमणार? टेंपो थेट पाठवलेला स्वस्तही पडेल. त्याला मी नाही म्हणत नाही."

आहे ते सांगायलाच पाहिजे होतं, पण बोलून गेलो आणि जीभ चावली. मॅडम कागदावरून नजर काढेनात. उद्या सगळे डेपो एकाच पद्धतीनं चालले पाहिजेत, असं त्या पुटपुटल्या. त्यात एकाचे लाड केले की दुसरा मागतो, असंही म्हणाल्या. मी डेपोवाल्याच्या वडिलांचं सांगितलं, तो काय म्हणाला तेही सांगितलं, रिंगेचंही सांगितलं.

बोलता बोलता टेबलावरचा त्यांचा मोबाईल वाजला. गडहिंग्लज.

मॅडमचा हात सवयीनं पुढं गेला. बाई कारखाना चालवते, फोन वाजला की उचलायचा हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बोटं मोबाईलला लागली. तिकडं गोदामात पोत्यावर बसून तो माणूस ही रिंग ऐकत असणार, आणि आत त्याचा बाप. मला म्हणावंसं वाटत होतं, मॅडम, नका. पण ते माझ्या अखत्यारीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं. मग हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

फोन वाजत राहिला. एवढी लांब रिंग मी आयुष्यात ऐकली नाही. शेवटी थांबला.

मॅडमनी पाण्याचा ग्लास घेतला, एक घोट प्याल्या आणि म्हणाल्या, "काका, आता तुम्ही पन्हाळ्याला जाऊन बसा. तिथं फोन इतके कमी का येतात, ते आधी बघून या."