चाकांचा ताप बघणारा माणूस

मुंजाजी मिस्त्री माणसांना नमस्कार करत, पण तो गाडीनंतर. गॅरेजपुढे कुठलीही गाडी येऊन थांबली की ते आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चारी चाकांना हात लावून यायचे. तळहात नव्हे, पालथा हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. चौथं चाक झालं की मग मान वर करून म्हणायचे, "हां, या. बसा." मोठमोठी माणसं तोवर ताटकळत उभी असायची. एकदा एका साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, आम्ही दिसत नाही का?" मिस्त्री म्हणाले, "दिसायलाव की साहेब. पर तुमाला ताप आला तर तुमी सांगताल. हिला तोंड न्हाई."

परभणीला जिंतूर रोडवर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस मूळचा ताडकळसचा, आमच्याच गावचा. तरुणपणी हैदराबादेत एका उस्तादाकडे काम शिकून आलेला, त्यामुळे बोलण्यात 'भरोसा' आणि 'हिफाजत' हे शब्द पान्यांइतके सहज यायचे. मी तेव्हा परभणीच्या एका हायस्कूलात इंग्रजी शिकवत होतो. आमची ओळख माझ्या इंग्रजीमुळे झाली. एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले, तेलकट हात धोतराला पुसले आणि एक छापील पुस्तिका माझ्यापुढे धरली.

"सर, ही गाडीची गॅरंटी हाय म्हनं. वाचा. बारीक अक्षरं आधी."

"मोठी नकोत?"

"मोठी अक्षरं गाडी इकायला असत्यात, सर. बारीक अक्षरं मानूस पळून जायला."

तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या गॅरंट्या आणि फायनान्सचे करारनामे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मोबदला एक कप चहा. परीक्षेचे पेपर तपासण्यापेक्षा हे साहित्य पुष्कळ बरं होतं. यात निदान प्रत्येक वाक्याला काहीतरी हेतू असायचा. मी अर्थ सांगायचो, मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी गिऱ्हाइकाला मराठीत निकाल द्यायचे. "आर.सी. बुकावर फायनान्सवाल्याचं नाव हाय का? मंग गाडी त्याची. तू फकस्त ड्रायव्हर, बिनपगारी." जुनी गाडी घ्यायला निघालेल्याला ते सांगत, "सकाळी जा, इंजन गार असताना. तू जायच्या आधीच मालकानं गाडी चालू करून ठिवली असंल तर समज, कायतरी झाकायलाय." टायर एकाच कडेला झिजलेलं असलं तर टायर बदलू नका, आधी चाकाची चाल बघा. ब्रेकचा पाय मऊ लागला किंवा न दाबताही गाडी जड ओढायला लागली तर तिथंच थांबा. "घरापतुर जाऊ म्हनू नका," हे ते दोनदा सांगायचे.

हे सगळं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर शहाणपणाचा तोरा नसायचा, भीती असायची. मी एकदा गमतीने म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही गाड्या दुरुस्त करता की गिऱ्हाइकांना घाबरवता?"

ते हसले नाहीत. "मी भेकड मानूस हाय, सर. हैद्राबादला असताना एक ट्रक आला. मागच्या चाकाला हात लावला, गरम लागला. ड्रायव्हर म्हनला, उशीर व्हायलाय, सांच्याला येतो वापस, तवा बघ. मी म्हनलं, जा." त्यांनी पाना खाली ठेवला. "त्या सांजेची मी अजून वाट बघायलोय."

त्यानंतर मी ती गंमत पुन्हा केली नाही.

माझा थोरला भाऊ सोपानदादा याने परभणी-ताडकळस अशी सवाऱ्या वाहायला नवी जीप घेतली, तेव्हा जामीन मी होतो. जीप आली त्या दिवशी गावात मांडव पडला. उद्घाटनाला आमच्या भागातले सभापती आले. कशाचे सभापती ते आता आठवत नाही. तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी रिबीन कापली, जीपला उद्देशून पाऊण तास विकासावर भाषण केलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसून फोटो काढून घेतला. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. एजन्सीच्या माणसाने मात्र काम नेमकं केलं. दादाला गाडीची झाकणं एकेक करून दाखवली: इंजिन ऑइलचं हे, गिअरचं हे, पाण्याचं हे, आणि पायापाशी हा पत्रा उचलला की ब्रेक ऑइलचं हे. दादाने ती सगळी लक्षात ठेवली. पुढचं संकट त्या हुशारीतून आलं.

दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी, एका शनिवारी दादा जीप घेऊन परभणीला आला. म्हणाला, गाडी जड चालतेय, डिझेल लय खायलीय. मी त्याला मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्रींनी फेरी सुरू केली. पहिल्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच. चौथ्यावर त्यांनी पाण्याचे दोन थेंब शिंपडले. थेंब चर्र करून उडाले.

"सोपानराव, उतरा खाली." त्यांचा आवाज बदलला होता. पायापाशी वाकून त्यांनी पत्रा उचलला, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. मग ते बोट त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. वास ओळखीचा होता. आमच्या घरात त्याच वासाची फोडणी पडत असे.

"करडईचं तेल," मी म्हणालो.

"सर, ही गाडी जेवलीय," मिस्त्री म्हणाले. "सोपानराव, खंडेनवमीला काय केलं?"

"पूजा केली. दुसरं काय करणार?"

"तेल कुठं-कुठं घातलं?"

दादा अभिमानाने म्हणाला, "जितकी झाकणं तितके चमचे. नांगर-कुळवाला, विळ्या-कोयत्याला तेल लावतो आमी, मंग हिला का उपाशी ठिवायचं? घाण्यावरचं ताजं होतं. बाळू, इचार तुझ्या वैनीला."

मिस्त्रींनी डबीचं झाकण परत लावलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं: ब्रेकमधले रबरी वॉशर खायच्या तेलाने फुगतात. फुगले की ब्रेक दाबून सोडला तरी सुटत नाही, चाकं घासत राहतात आणि तापतात. ताप वाढत गेला की आतलं ऑइल उकळतं, आणि मग ब्रेकवर दिलेला पाय सरळ फरशीला टेकतो. "कवा ते सांगता येत न्हाई. सपाटीला झालं तर नशीब. उताराला झालं तर..." त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "गाडी हितंच ठिवा. सगळे वॉशर बदलतो, ऑइल धुऊन काढतो."

दादाने माझ्याकडे बघितलं. "बाळू, गॅरंटीत काय हाय? वाच."

मी वाचलं. बारीक अक्षरं आधी. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावल्यास गॅरंटी रद्द. त्याच्याच खाली, आणखी बारीक: चुकीचं तेल वापरल्याने झालेला बिघाड गॅरंटीत धरला जाणार नाही.

"म्हंजी गॅरंटी खंडेनवमीलाच सरली," मिस्त्री म्हणाले. "आता मला भिऊन काय उपेग?"

दादाला ते पटेना. सोमवारी गाडी एजन्सीत नेऊ, तेलाचं कुणी बोलायचं नाही, असा त्याचा बेत. सहा महिन्यांची गॅरंटी बाहेरच्याकडून पाने फिरवून घालवली आणि उद्या इंजिनच बसलं तर हप्ता चुकेल, फायनान्सवाले जीप ओढून नेतील, आणि ज्या मांडवात हार घातले त्याच मांडवात लोक हसतील, ही त्याची भीती. शिवाय रविवारी सभापतींना पाहुणे घेऊन येलदरी धरण दाखवायला जायचं होतं, आणि त्यांनी ही जीप सांगून ठेवली होती.

"त्यांना न्हाई म्हना," मिस्त्रींनी हात जोडले. "येलदरीला उतार हाय, सोपानराव."

"अहो, रिबीन कापलीय त्यांनी," दादा म्हणाला आणि निघून गेला.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर दारात मिस्त्री मोटारसायकलवर. मागे पान्यांची पिशवी बांधलेली.

"दादा गेला?"

"गेला असेल. सात वाजता निघणार होते."

"बसा मागं."

मी चहा घ्या म्हणालो. त्यांनी गाडीला किक मारली. मी चपला घालून बसलो.

ते विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या तणावाचे दिवस होते. गावोगावच्या दलित वस्त्यांनी जे सोसलं त्यापुढे आमची त्या सकाळची भीती फार लहान होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भीती अशी मापं काढून येत नाही. रस्त्यावर वाहनं कमी. एका ठिकाणी पोलिसांनी अडवलं, पिशवी उघडायला लावली. "एवढे पाने कशाला?" शिपायाने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "जीव अडकलाय साहेब, सोडवायला चाललोय." शिपायाने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कदाचित त्या उत्तराला साजेसा असावा. त्याने जाऊ दिलं.

जिंतूर मागे पडलं तशी माझी नजर रस्त्याच्या कडेला लागली. तुटलेलं झुडूप दिसलं की मी मिस्त्रींच्या खांद्यावरून वाकून खाली बघायचो. एका वळणावर वीस-पंचवीस माणसं गोळा होऊन खाली बघत होती. मिस्त्रींनी गाडी थांबवली, पण उतरेनात. मीही उतरेना. दोघांपैकी कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं आणि दोघंही समोर बघत बसलो होतो. शेवटी एका म्हाताऱ्याने आपणहून सांगितलं, "म्हस पडलीय नाल्यात. काढायलेत." मिस्त्रींनी किक मारली. त्यांचा पाय दोनदा घसरला.

येलदरीचा उतार जिथे सुरू होतो तिथे, अलीकडे, एका लिंबाखाली जीप उभी दिसली. चारी चाकांवर उभी. पुढच्या चाकांतून बारीक धूर निघत होता. सभापती छत्री उघडून, हातवारे करून दादाला काहीतरी सांगत होते. पाहुणे आळीपाळीने घड्याळ बघत होते. दादा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही. त्याने उजवा हात पुढे केला. पालथ्या बाजूवर, बोटांच्या मुळाशी, भाजल्याचा लाल पट्टा उठला होता.

"उतार दिसला आन् तुमचं बोलनं आठवलं," तो म्हणाला. "तुमी हात लावता तसा लावून बघितला. मंग पुढं जायचं धाडसच होईना. हे म्हनत्यात, भित्रा हायस."

मुंजाजी मिस्त्रींनी त्याला दोन्ही हातांनी उठवलं आणि मिठी मारली. "भ्याला!" ते माझ्याकडे वळून ओरडले. "सर, सोपानराव भ्याले!" इतक्या आनंदाने कुणी कुणाला भित्रा म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ते लगेच जीपखाली शिरले.

सभापतींनी विचारलं, "किती वेळ लागेल?" जीपखालून उत्तर आलं, "एसटी हाय की तुमाला." सभापती पाहुण्यांसह एसटीने धरणाला गेले. तिथेही त्यांनी विकासावर बोलल्याचं नंतर कळलं.

नवे वॉशर आणि ऑइलचा डबा मिस्त्रींनी आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता. दुपारभर ते एकेक चाक उघडत होते. फुगलेले वॉशर त्यांनी एका कागदावर ओळीने मांडले. काम झाल्यावर त्यांनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं आणि वळणदार, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ह्या गाडीला हात मी लावला. गॅरंटी मी मोडली. मुंजाजी.' ते दादाला देऊन म्हणाले, "एजन्सीवाला बोलला तर हे दाखवा. आन् पुढच्या खंडेनवमीला हळद-कुकू लावा, फूल ठिवा. जेवू घालू नका."

एजन्सीवाला बोललाच. पुढे गिअरबॉक्स बिघडला तेव्हा गॅरंटी उरली नव्हती, खर्च दादाने स्वतः सोसला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, आणि ते पान त्याने आर.सी. बुकात कायमचं ठेवलं.

काही वर्षांनी मुंजाजी मिस्त्री गेले. गॅरेजात, स्टुलावर बसल्या बसल्या. गावी, ताडकळसला न्यायचं ठरलं आणि दादा आपली जीप घेऊन आला. जीप तोवर जुनी झाली होती, पण आता आर.सी. बुकावर दादाचंच नाव होतं. मिस्त्रींना मागच्या बाजूला ठेवलं. ऊन चढत होतं, दूरचे लोक खोळंबले होते, पुरोहित घाई करत होते. सभापतीही हार घेऊन आले होते आणि दोन शब्द बोलण्याच्या तयारीत होते.

दादा ड्रायव्हरच्या जागेवर बसला, मग पुन्हा खाली उतरला. पहिल्या चाकाशी वाकून त्याने पालथा हात लावला. दुसऱ्याला, तिसऱ्याला. पुरोहितांची घाई थांबली. सभापतींनीसुद्धा तोंड उघडलं नाही. चौथ्या चाकाशी तो जरा जास्त वेळ वाकून राहिला, हात तसाच टेकवून.

"गार हाय," तो म्हणाला, आणि मग गाडी सुरू केली.