चिठ्ठीखालचं कुंकू

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कुठला, हेही धड सांगता येत नाही. पण आर्वीकडच्या एका शाळेतली ती घटना अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. तिच्यात मी जितका गोंधळलो, तितका कुठल्या खुनाच्या तपासातही गोंधळलो नव्हतो.

दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात फोन आला. "साहेब, शाळेत पोरीनं पोरीवर तेजाब फेकलं. लवकर या, गाव जमून राह्यलं." मागोमाग रुग्णालयातूनही सूचना आली. दहावीतली मुलगी, चेहरा आणि उजवा डोळा भाजलेला, पुढच्या उपचारासाठी वर्ध्याला हलवलं होतं.

तिचे वडील किराणा दुकानदार. ते ठाण्यात धावत आले. "गरब्याच्या ओढणीवरून दोघींचं भांडण झालतं साहेब. तिनं डूख धरला. तिले सोडू नका."

'ती' म्हणजे जखमी मुलीची बाकावरची जोडीदारीण. जंगलाकडच्या आदिवासी वस्तीतली, शिक्षणासाठी गावातल्या वसतिगृहात राहणारी. आम्ल फेकल्याचं कलम लागलं असतं, तर वय कमी असलं तरी तिची शाळा तिथेच संपली असती आणि नावाला लागलेला डाग जन्मात गेला नसता. म्हणून मी गुन्हा नोंदवण्याआधी प्रयोगशाळेतल्या त्या तासाला हजर असलेल्या मुलांचे जबाब घ्यायला बसलो, आणि तिथेच डोकं चक्रावलं. कोणी म्हणे फेकलं, कोणी म्हणे भांडं फुटलं, एकानं तर जाळ पाहिल्याचं छातीठोक सांगितलं. पण तिच्या हातात काय होतं, असं विचारलं की सगळे एकच सांगत, पाण्याचा मग. पाण्यानं कोणी भाजतं का? मी शिपायाकडे बघे, शिपाई माझ्याकडे.

अल्पवयीन मुलीला ठाण्यात आणायचं नसतं. साध्या वेशात, महिला हवालदाराला घेऊन मी वसतिगृहात गेलो. अधीक्षिका शेजारी बसल्या. मुलगी मान वर करीना.

"ओढणीवरून भांडण झालं होतं?"

"झालतं जी."

"मग राग आला असेल."

"आलता. पण मी पाणीच टाकलं जी. सरांनीच सांगतलं, थोडं पाणी टाक म्हणून."

गुन्हेगार सहसा भांडण झालं हेच आधी नाकारतो. हिनं सगळं कबूल केलं, फक्त गुन्हा सोडून. अशा जबाबाचं करायचं काय, ते कळेना.

प्रयोगशाळेचा पंचनामा केला. कपाटात डोळ्यांवर लावायचे चष्मे होते, नवेकोरे, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेले. विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "तपासणीच्या वेळी दाखवायले ठेवले आहेत साहेब." मला हसावं की चिडावं ते समजेना. पलीकडे फळीवर रसायनांच्या बाटल्या ओळीनं होत्या. जुन्या बाटल्या, पण चिठ्ठ्या कोऱ्या पांढऱ्या. एक बाटली उजेडात धरली, तर चिठ्ठीच्या कडेखालून कुंकवाचं बोट दिसत होतं. दुसरीलाही तेच.

खंडेनवमीला आम्ही ठाण्यात शस्त्रपूजा करतो. रायफली आधी घासून पुसून लख्ख करतो, मगच हळदकुंकू लागतं. म्हणजे या बाटल्याही पूजेसाठी धुतल्या गेल्या होत्या, आणि कुंकू खाली असेल तर चिठ्ठी पूजेनंतरची होती.

विज्ञानाच्या शिक्षकांना समोर बसवलं. "जुन्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

ते म्हणाले, "पोरींनी हौसेनं बाटल्या साबणाच्या पाण्यात घातल्या साहेब. चिठ्ठ्या निघून गेल्या. मी अंदाजानं नव्या लावल्या. पाण्यासारखं दिसलं ते पातळ आम्ल समजलो."

ते तीव्र निघालं. मुलींच्या भांड्यात तेच होतं. जखमी मुलगी वाकून बघत होती आणि हिनं सरांनी सांगितल्याप्रमाणे वरून पाणी ओतलं. पूजेचं एवढे दिवस कोणी बोललं का नाही, हे मी प्रत्येकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, पूजेचा याच्याशी काय संबंध? नमुने तपासणीला पाठवले, अहवालही तसाच आला, आणि निष्काळजीपणाचा गुन्हा शिक्षकांवर नोंदवला गेला.

अहवाल आल्यावर मी मुलीला शाळेच्या कार्यालयात बोलावलं. शिक्षकही तिथे होते. म्हटलं, "बाळ, तू काही केलं नाहीस. तुझ्यावर गुन्हा नाही." मला वाटलं ती रडेल, हसेल. तिनं नुसतं विचारलं, "पण मंग पाण्यानं तिचा डोळा कसा जळला? पाणी तं मीच टाकलं न जी?"

मी शिक्षकांकडे पाहिलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "आम्लात पाणी कधी टाकायचं नसतं बेटा. पाण्यात आम्ल टाकायचं, थोडं थोडं. उलटं केलं का ते उकळून अंगावर उसळते."

"हे तं एवढंसंच होतं सर," ती म्हणाली. "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

शिक्षकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्यांची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

आम्हा पोलिसांना आधी हेतू शोधायची सवय असते. राग कोणाचा होता, वैर कोणाशी होतं, हे आम्ही खोदून विचारतो. जिथे हेतूच नसतो तिथे आम्ही अंधारात चाचपडतो, आणि गाव तर तोवर निकाल देऊन मोकळं झालेलं असतं. त्या प्रकरणापासून मी कुठल्याही अपघातात 'कोणी केलं' याआधी 'नेमकं काय झालं' हे विचारायला शिकलो. शाळेत गेलो की चष्मे पिशवीबाहेर आहेत का, तेही बघायचो.

अधीक्षिका नंतर म्हणाल्या, त्या दुपारी मुलगी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आणि हात धुवून लगेच विचारू लागली, वर्ध्याला कधी नेता? दवाखान्यात पडलेल्या मैत्रिणीला आम्लात पाणी न टाकण्याचं ते एक वाक्य तिला सांगायचं होतं.