डासाच्या पोटातले काळे ठिपके

मी आयुष्यभर डासांची पोटं फाडली. लोक हसतात, हसू देत. सत्तरच्या दशकात कोल्हापुरात मलेरिया परत उसळला, तेव्हा मला मलेरिया खात्यात डास पकडायची नोकरी लागली. सकाळी लोकांच्या गोठ्यात शिरायचं, एका हातात टॉर्च, तोंडात नळी, आणि रक्त पिऊन भिंतीवर सुस्त बसलेली मादी हळूच ओढून घ्यायची. नळीत जाळी असते, डास पोटात जात नाही, हे प्रत्येक गोठ्यात समजावून सांगावं लागे. तरी म्हाताऱ्या म्हणायच्याच, "आरं, घरात खायाला मिळंना व्हय तुला?"

मग कचेरीत त्या मादीला काचेवर ठेवून दोन सुयांनी तिचं पोट बाहेर काढायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तापाचे जंतू शिरलेले असले, तर पोटाला बाहेरच्या अंगानं बारीक गाठी दिसतात. त्या पिकून फुटल्या की जंतू तिच्या लाळेत उतरतात, आणि मग ती ज्याला चावेल त्याला हिवताप. एवढं सगळं मला येत होतं. येत होतं हेच नडलं.

एकदा कळंब्याकडच्या एका गोठ्यातल्या डासात मला गाठींच्या जागी काळे ठिपके दिसले. काजळाचं बोट लागावं तसे. साहेबांना बोलावलं. साहेब बाहेरगावचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "हे मेलेले जंतू आहेत. डासालाही स्वतःचा जीव राखायचा असतो. काही डास आत शिरलेल्या जंतूभोवती काळं कवच चढवतात आणि त्याला तिथंच मारतात. जंतू लाळेपर्यंत पोचतच नाही, मग ताप पसरणार कुठून?" उठता उठता म्हणाले, "पण सगळ्या डासांना हे जमत नाही, बरं का." ते शेवटचं वाक्य माझ्या या कानातून शिरलं आणि त्या कानातून गेलं.

आमचं घरही कळंब्याकडेच. मग काय, मी गल्लीभर फुशारकी मारत सुटलो. "आपल्याकडचं डास मलेरियाला पोटातच पुरत्यात की!" पानाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "मग तुमचं खातं बंद करा की राव, गव्हाणीत चार डास बांधून ठिवतो." सगळे हसले, मीही हसलो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं नाही.

त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागलेला. लग्नानंतर चार वर्षांनी दिवस गेलेले, तोवर सासूच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. त्यामुळं ते मूल म्हणजे तिची सासरची सगळी अब्रूच होती. तिची ओटी भरायची म्हणून आईनं चार दिवस खपून भिंतींना पिवडीचा पिवळा रंग दिला होता, जमीन सारवली होती. आणि ओटीच्या आदल्या दिवशी डीडीटीची फवारणी करणारी आमच्याच खात्याची माणसं दारात उभी.

आई उसळलीच. "पोरीची वटी भरायची आणि भिंतीवर इखाचं पांढरं फराटं? न्हाय जमायचं!"

पंप धरलेला माणूस माझ्याकडं बघायला लागला. इतरांच्या घरी असं झालं की मीच बायाबापड्यांची समजूत घालायचो, प्रसंगी भांडायचो. त्या दिवशी म्हणालो, "आमचं घर सोड."

"सायेब इचारतील की."

"मी हाय न्हवं! हिकडचं डास निरुपद्रवी हाईत, मी सोता बघितल्यात."

फवारलेल्या घराच्या चौकटीवर तारीख घालायची पद्धत होती. त्याच्या हातातला गेरू घेऊन ती तारीख मीच घातली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

महिन्याभरात तिला हीव भरलं. एक दिवस थंडी वाजून ताप, दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी परत. शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. मी मात्र सर्दी म्हणालो, काढा प्यायला लावला, आठवडा घालवला. माझं बोलणं खोटं ठरेल म्हणून मला ते ओळखायचंच नव्हतं. शेवटी तिच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं. तांबड्या पेशींत जंतू बसलेले होते.

साहेबांनी गोळ्या दिल्या, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिचा ताप उतरला, पण कळा दीड महिना आधीच सुरू झाल्या. मुलगी होती. रडलीच नाही.

साहेबांनी विचारलं, "घरी फवारणी झाली होती ना?" मी म्हणालो, "होय साहेब."

त्यानंतर एका सकाळी मी बहिणीच्या बाजेजवळच्या भिंतीवरच्या माद्या नळीत ओढल्या आणि कचेरीत जाऊन त्यांची पोटं काढली. एकीच्या पोटावर गाठी होत्या. टपोऱ्या, स्वच्छ, पिकत आलेल्या. काळा ठिपका एकही नाही. तिच्या अंगानं जंतूला हात म्हणून लावला नव्हता. वहीत मी ती मादी दुसऱ्याच गोठ्यातली म्हणून लिहिली. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

सासरी जायच्या आधी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. आई पलीकडं तांदूळ निवडत होती.

"दादा, तुला ह्यातलं कळतंय म्हणून इचारते. मी रोज सांजचं मागल्या परड्यात बसायची. आई नगं म्हणत हुती. तितंच चावलं असंल, न्हवं? माझीच चूक हाय, न्हवं?"

आईचे हात सुपातच थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत खडे वेचायला लागली.

मी म्हणालो, "असंल."

बहिणीनं मान हलवली. सासरी गेल्यावर तिनं सासूला स्वतःच्या तोंडानं तेच सांगितलं, आणि सासू मरेपर्यंत तिला ते ऐकवत राहिली.