खांबाला आधी उलटा हात

लोखंडी खांब असो, पत्र्याचं फाटक असो की लग्नातला कूलर, आमच्या वायरमनबाई त्याला आधी हाताची मागची बाजू लावायच्या. कोणी हसलं की म्हणायच्या, "करंटनं बोटं आवळतात, भाऊ. सुलटा हात लावला तं सुटत नाई." अशी सावध माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण आमच्या बाईंसारखी नाही, हे मी छातीठोक सांगतो!

शेंदूरजनाघाटात बाई खांबावर चढणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी अर्धी गल्ली तमाशा पाहायला जमली. बाई सरसर चढल्या, काम करून उतरल्या आणि म्हणाल्या, "झालं पाहून? आता चहा तं पाजा." तेव्हापासून त्या आमच्याच झाल्या.

एक हट्ट मात्र होता. वीज बंद करून घेतल्यावरही तारांवर अर्थिंगची साखळी फेकल्याशिवाय त्या वर चढत नसत. साखळीचं दुसरं टोक जमिनीत रोवलेलं. म्हणजे तारेत करंट आलाच तर तो जमिनीत जावा, माणसातून नको. "लाईन तं बंद हाये नं?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "हाये. पन करंटले कोनं सांगतलं?"

गेल्या उन्हाळ्यात आमचे शेजारी दादाराव यांच्या लेकीचं लग्न होतं आणि ऐन हळदीच्या दुपारी दारासमोरची तार तुटली. दादारावांचा जीव वरखाली होत होता. "ताई, पाव्हने यिऊन राहिले, साखळ्या कायच्या खेळता? चढा नं लवकर!" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साखळी फेकली.

ताडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि मांडवातले पंखे थांबले. दादारावांनी घाईघाईत मेन स्विच न पाडताच घराच्या बोर्डात जनरेटर जोडला होता. तो करंट घरातून उलटा तारेवर आला होता. साखळी नसती, तर बाई गेल्याच असत्या. दादाराव मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडू लागले.

बाईंनी जनरेटर सोडवून घेतला, पुन्हा साखळी टाकली आणि चढल्या. हो, लगेच! तुम्हाला काय सांगू, खाली उभ्या असलेल्या आमची छाती नुसती फुगून आली. उतरल्यावर म्हणाल्या, "उठा दादाराव, पोरीले हळद लावाची हाये नं?"

यंदा बाई निवृत्त होऊन अकोल्याला जुन्या शहरात लेकीकडे राहायला गेल्या. गल्लीला करमत नाही.

परवा पुन्हा तार तुटली. नवा वायरमन आला, चपळ गडी, आला तसा खांबाकडे निघाला. मी तोंड उघडायच्या आत दादाराव धावले आणि त्याची वाट अडवून उभे राहिले.

"पयले साखळी टाक."

"लाईन बंद केली, काका."

दादाराव असे खेकसले की गल्लीतली सगळी दारं उघडली, "केली असंन! पन करंटले कोनं सांगतलं?"