कडक साहेब, मऊ शाफ्ट

कंपनीतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. घरातल्या कापडी पिशव्यांसारखे ते आपोआप वाढतात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर पडतात! हे गोल्फचेच घ्या. बारामतीत आमचा गिअरबॉक्सचा कारखाना, तिथं मी डिझाइनला. प्रोबेशन एकदा वाढवून झालेलं, मुदत परत संपत आलेली. त्यात नवे प्लँट हेड आले गोल्फवाले! कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत जाळी लावली आणि म्हणाले, "रविवारी सगळे ऑफिसर खेळायला." बाकीचे हसले, मला घाम फुटला. मी कायम होणार की घरी जाणार, हे यांच्याच हातात. नाही म्हणायची सोय कुठली?

*

साहेबांचं पहिलं वाक्य, "नवशिक्यानं आधी शाफ्ट नीट निवडावा." शाफ्ट म्हणजे गोल्फच्या काठीचा दांडा. पण आमच्याकडं शाफ्ट म्हटलं की माणसापेक्षा लांब पोलादी ऐवज! स्टोअरचे तात्या लगेच उठले. "शाफ्ट हाय की साहेब पडून. पर उचलाय क्रेन लागंल!"

साहेब हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही डिझाइनचे ना? सांगा यांना." मला तरी कुठं काय माहीत! माझ्या तोंडून सवयीनं गिअरबॉक्सचाच प्रश्न निघून गेला, "सर, टॉर्क किती धरायचा?"

तेव्हापासून साहेब माझ्याकडं जरा निरखूनच बघायला लागले. माझं जेवणच सुटलं.

*

पुण्याच्या गोल्फच्या दुकानात मला वेग मोजणाऱ्या पडद्यासमोर काठी फिरवायला लावली. दुकानदार म्हणाला, "सर, तुमचा स्विंग हळू आहे. मऊ शाफ्ट घ्या, तो लवतो आणि चेंडू वर उचलतो. स्टिफ तुम्हाला झेपायचा नाही."

आता मी पडलो डिझाइनवाला. आमच्यात लवणारा शाफ्ट म्हणजे रिजेक्ट! शिवाय साहेबांसमोर मऊ काठी घेऊन उभं राहायचं? मी मुकाट्यानं कडक उचलला.

रविवारी चेंडू जमीन सोडेना. उजवीकडं सरपटायचा आणि जाळी चुकवून शेजारच्या उसात. हाताला अशा झिणझिण्या आल्या की इंदापूरला घरी येऊन भाकरी मोडता येईना. बायको म्हणाली, "मोडून घ्या हात नोकरीसाठी! मग नोकरी काय पायानं करणार?"

*

माझे सासरे, आबा, इंदापूरजवळ बावड्याला असतात. फोन आला की पहिला प्रश्न, "जावईबापू, पक्कं झालं का?" एकदा घरी आले, कोपऱ्यातली काठी बघून म्हणाले, "हे काय, साप माराय व्हय?"

मी सगळं सांगितलं. साहेब, गोल्फ, मर्जी. आबांनी डोक्यावरची टोपी काढून नीट घातली.

"मंग तुमी कशाला मारताय चेंडू? त्येलाच मारू द्या की. तुमी नुसतं व्वा व्वा म्हना!"

*

क्वालिटीच्या कांबळे मॅडम म्हणजे मोजल्याशिवाय काही पास करणार नाहीत. दुकानदारानं बाई बघून त्यांच्या गळ्यात लेडीज शाफ्ट मारला होता, सगळ्यात मऊ. मॅडमनी तो शिकंज्यात आवळला, टोकाला वजन टांगलं, किती लवतो ते मोजलं. मग माझाही मोजला. म्हणाल्या, "माझा हात जोरात फिरतो, मला हा लुळा पडतोय. तुमचा द्या इकडं, हा तुम्ही घ्या."

घेतला. काय सांगू! चेंडू असा वर गेला की तात्यांनी टोपी धरून वर बघितलं. साहेब धावतच आले. "वा! कुठला शाफ्ट?"

त्याच्यावर लेडीजचा एल लिहिलेला. माझा अंगठा आपोआप त्यावर गेला, पण साहेबांनी तो बाजूला केला.

"एल म्हणजे?"

"लार्ज, सर!"

तात्या मागून म्हणाले, "शर्ट हाय काय त्यो?"

*

त्यावर साहेबांनी मला बाजूला घेऊन चार चेंडू मारायला लावले आणि जाता जाता मोठ्यानं म्हणाले, "स्टिफ तुम्हाला जड, लेडीज फारच मऊ. सोमवारपासून तुम्ही रेग्युलर!"

रेग्युलर म्हणजे दोन्हींच्या मधला शाफ्ट. मला कळलं. पण आमच्या कारखान्यात कायम झालेल्या माणसाला रेग्युलर म्हणतात, आणि तात्यांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलेलं! तात्याही बावड्याचेच.

सोमवारी गेटवरून फोन. "साहेब, तुमचे सासरे आलेत. पेढे घेऊन. प्लँट हेडना भेटायचं म्हणत होते, सोडलं आत."

मी जिने कसे चढलो माझं मला ठाऊक. आता आबा काय बोलणार, साहेब काय समजणार? मीच ही अफवा उठवली म्हणतील! होती ती नोकरीही गेली! केबिनच्या दारात पोचलो तेव्हा आबा पटका बांधून उभे, हातात उघडा पुडा, आणि साहेबांचा गाल फुगलेला.

"कसले म्हणायचे हे पेढे?" साहेबांनी चघळत विचारलं.

"अवो, तुमीच की!" आबांचे डोळे भरून आले होते. "आमचं जावई रेग्युलर केलंत न्हवं! लेकीनं देवाफुडं दिवा लावलाय बगा. तुमचं उपकार हायती."

साहेबांचं चघळणं थांबलं. त्यांनी आबांकडं बघितलं, पुड्याकडं बघितलं, मग दारातल्या माझ्याकडं. साहेबांनी सावकाश घास गिळला.

"आता खाल्ला की हो मी!"