पंखेवाल्याने निवडलेले तीन फंड

गल्लीत त्याला सगळे पंखेवाला म्हणत. बत्तीस वर्षं त्याने पंखे दुरुस्त केले आणि तेवढीच वर्षं एका कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या कंपनीचा पंखा आला की तो आतली कॉइल उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा. "बघा, तांबं म्हणून काय भरलंय! आणि वर पाच स्टारचं स्टिकर. स्टिकर वारा घालतं का?"

त्याची थोरली बहीण शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाली. आलेली सगळी पुंजी कुठे ठेवायची, हे तिने या भावावर सोपवलं. त्याला फंडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ताईपुढे 'मला येत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून लहानपणापासून कधी निघाले नव्हते. त्याने तीन म्युच्युअल फंड निवडले आणि "एक आपटला तर दोन सावरतील" असं आठवडाभर ऐटीत सांगत फिरला.

सोमवारी ताई सह्या करायला दुकानातच आली आणि खुर्चीत बसून चष्मा पुसू लागली. डबा द्यायला आलेल्या त्याच्या सुनेने गल्ल्यामागे उभं राहून अर्ज चाळले आणि ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं.

"बाबा, हे कशावरून निवडलेत?"

"तिन्ही फाइव्ह स्टार आहेत!"

"अहो, ते स्टार मागच्या कामाचे. पुढची हमी नसते त्यात. आत कोणते शेअर आहेत ते पाहिलंत?"

"आत?"

"फंड आपल्या पैशांतून शेअरच घेतो ना! कोणते, त्याची यादी दर महिन्याला जाहीर होते." तिने फोन पुढे केला. पहिल्या यादीत सगळ्यांत वर तीच पंख्यांची कंपनी. दुसऱ्या यादीतही तीच, तिसऱ्यातही. खालची नावंसुद्धा जवळपास सारखीच, फक्त वरखाली केलेली. आपटले असते तर तिघे हातात हात घालून आपटले असते.

तेवढ्यात ताईने अर्ज मागून घेतले. सून काही बोलणार नाही, हे पंखेवाल्याला ठाऊक होतं. गप्प बसलं की झालं. पण ताईचं पेन कागदाला टेकलं, तेव्हा ते त्याच्याने बघवेना.

"ताई, थांब. मला यातलं काही येत नाही."

ताईने चष्म्यावरून बघितलं. "साठ वर्षं लागली रे हे बोलायला!"

मग सगळी भानगड ऐकून ती इतकी हसली की खुर्ची करकरली. शेवटी तिने एकच फंड ठेवला. उरलेल्या पैशांसाठी तिघांनी दुपारभर याद्या ताडून वेगळे शेअर असलेले दोन फंड शोधले.

"पण ती कंपनी असलेला कशाला ठेवलास?" पंखेवाला कुरकुरला.

"अरे, रोज चार पंखे येतात तुझ्याकडे त्यांचे. म्हणजे खप दांडगा आहे की!"

तेवढ्यात एक बाई त्याच कंपनीचा पंखा घेऊन आल्या. "दुरुस्त होईल, की नवा घेऊ?"

"नवाच घ्या," ताई म्हणाली.

"ताई, तू गप्प बस! होतो दुरुस्त. अजून दहा वर्षं चालेल."

बाई गोंधळल्या. "मालक कोण इथले?"

"दुकानाचा मी," पंखेवाला स्क्रू काढत म्हणाला. "कंपनीच्या या आमच्या ताई. कणभर."