पलीकडच्या शिबिराला

आमच्याकडे म्हातारा माणूस खोटं बोलायला निघाला की आधी इस्त्रीचा शर्ट घालतो. त्या शनिवारी सकाळी सात वाजता वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल चोपडलं आणि आईकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून जाहीर केलं, "दिघीला एका जुन्या विद्यार्थ्याची वास्तुशांत आहे. याला सोबत नेतो."

'याला' म्हणजे मला. वय पन्नास, धंदा माइक. हळदी, साखरपुडे, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, कबड्डीचे सामने, जिथे बोलायला माणूस लागतो तिथे मी. बोलण्याचे पैसे मिळतात हे कळल्यावर मला जो आनंद झाला होता, तो अजून उतरलेला नाही.

"आहेराचं पाकीट?" आईने विचारलं.

वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घर विद्यार्थ्याचं, विद्यार्थी कल्पनेतला, त्याला पाकीट कुठून असणार? आईने उठून, गुडघ्यावर हात दाबत, कपाटातून पाकीट काढलं, त्यात शंभराची नोट आणि वर एक रुपया घातला आणि माझ्या खिशात कोंबलं. आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे बाहेर पडलो.

खरी गोष्ट अशी. वडील जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीला मिळालेली सगळी रक्कम त्यांनी अलिबागच्या एका गुंतवणूक सल्लागार कंपनीत ठेवली. औषधाच्या दुकानावर ऑफिस, चाकांच्या खुर्च्या, काचेच्या ग्लासातून कोकम सरबत. तिथला सल्लागार त्यांना गुरुजी म्हणत नसे, 'सर' म्हणायचा. अख्खं आयुष्य गुरुजी म्हणून घालवलेल्या माणसाला कोणी 'सर' म्हटलं तर तो कुठेही सही करतो. त्या पैशांत आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशनही होतं. काही वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एके दिवशी शटर खाली आलं ते वर गेलंच नाही.

आईला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं वडील दर महिन्याच्या पाच तारखेला आपल्या पेन्शनमधले पैसे काढून तिच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "व्याज आलं." ती देवापुढे ठेवून नमस्कार करायची. मला सहा महिन्यांपूर्वी कळलं, तेव्हापासून मीही त्या नाटकात सामील. ऑपरेशनचा विषय निघाला की मी लगेच एखादा किस्सा सुरू करायचो.

कोर्टाने एक अधिकारी नेमला होता. बुडालेल्या लोकांचे अर्ज घ्यायला तो गावोगाव शिबिरं लावत होता. मुरुडचं शिबिर आदल्या आठवड्यात झालं. वडील तिथपर्यंत गेले, दाराशी एक ओळखीची छत्री दिसली आणि तसेच परत आले. "सगळा गाव बघेल," म्हणाले. आता उरलं होतं खाडीपलीकडचं, श्रीवर्धनचं शिबिर. शेवटचं. शनिवारी दुपारी बारापर्यंत. "तिकडे आपल्याला कोण ओळखतंय?" असा त्यांचा हिशेब.

फक्त एक अडचण होती. अर्जावर दोन साक्षीदार हवे होते, नात्यात नसलेले आणि अर्जदाराला दहा वर्षांपासून ओळखणारे. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे दहा वर्षं ओळखणारे दोघे आणायचे कुठून, असं मी विचारलं. वडील म्हणाले, "बघू."

मुरुडजवळच्या आगरदांड्याला आठची जंगल जेटी लागलेली होती. गाड्या वाहून नेणाऱ्या त्या सपाट बोटीला इकडे सगळे जंगल जेटीच म्हणतात. आम्ही दोन टेंपोंच्या मधून वाट काढत बाकापाशी पोचलो आणि वडील जागच्या जागी थिजले.

बाकावर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे कस्टममधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले काका. आणि त्यांच्या शेजारी एसटीतले कंडक्टरकाका, मांडीवर तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी घेऊन. तिघंही वडिलांच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरचे. तिघांचेही कपडे इस्त्रीचे.

"गुरुजी! तुमी हितं कुठं?" कंडक्टरकाका दचकलेच.

"वास्तुशांत. तुम्ही?"

"मी... बोर्लीला. लेकीकडं."

"मी हरिहरेश्वराला," नर्सबाई न विचारता म्हणाल्या. या बाईंना उभ्या जन्मात कोणी देवळात पाहिलं नव्हतं.

"मी सुपारी बघायला," कस्टमकाका म्हणाले. त्यांच्या तोंडात दात मोजून चार.

मला गुदगुल्या व्हायला लागल्या. नर्सबाईंच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगांखाली एक मरून रंगाचा कोपरा दिसत होता. कस्टमकाकांच्या काखेतल्या वर्तमानपत्रातून तसाच मरून रंग डोकावत होता. सोनेरी अक्षरांचं तसलंच फोल्डर माझ्या हातातल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत होतं. कंपनीने प्रत्येकाला ते मोठ्या प्रेमाने दिलं होतं. गावाच्या नजरेतून सुटायला प्रत्येकाने खाडी ओलांडायचं ठरवलं होतं आणि अख्खा कट्टा एका बोटीत येऊन बसला होता!

वीस मिनिटांचा प्रवास. तेवढा वेळ प्रत्येकजण आपापलं खोटं सांभाळू शकला असता. पण अमावास्या नुकतीच झाली होती, ओहोटी खोल गेली होती. दिघीचा धक्का हाकेच्या अंतरावर आला आणि बोट गाळाला घासून थांबली. बोट चालवणाऱ्या सारंगाने दोनदा मागे-पुढे करून पाहिलं, मग इंजिन बंद केलं.

"पाणी चढल्याबिगर रॅम्प न्हाय पडायचा," तो वरून ओरडला. "दीड-दोन तास बसा आरामात."

आरामात! धक्क्यावरचा चहावाला दिसतोय, त्याच्या चहाचा वास येतोय, आणि मधे कमरेएवढा चिखल. मागे फिरता येत नाही, पुढे जाता येत नाही. वडील दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. दिघीहून श्रीवर्धन तासाभराचं, आणि बाराला खिडकी बंद. कोणीच बोलेना. शांतता वाढली की माझा हात आपोआप माइक शोधतो. मी सुरू झालो. वास्तुशांतीतल्या भटजींचे किस्से, चुकीच्या मांडवात जेवून आलेले वऱ्हाडी. दोन टेंपोवाले हसले. माझ्या बाकावर कोणी हसलं नाही.

"थांब रे," नर्सबाई म्हणाल्या. "तुझा आवाज ऐकला की मला ते अलिबागचं संमेलन आठवतं."

हो, कंपनीच्या त्या संमेलनाचा निवेदक मी होतो. मानधनाचं पाकीट आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घड्याळ अजून बिनचूक चालतं.

"काय म्हणाला होतास? निवृत्त तुम्ही झालात, पैशाला कशाला निवृत्त करता? त्याला कामाला लावा!" त्यांनी माझा सूरसुद्धा हुबेहूब उचलला. "लोक काय हसले! पहिल्या रांगेत गुरुजी तर उठून टाळ्या वाजवत होते. लागला रे बाबा पैसा कामाला. घरी मात्र आला नाही परत."

एवढं बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो. त्यांनी शेंगा नीट करत पिशवीत तोंड घातलं. मी कठड्यापाशी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही. खाली गाळात छोटे खेकडे बिळातून बाहेर यायचे, आमची सावली बघून परत आत जायचे.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. आईचा आवाज अख्ख्या बोटीला ऐकू गेला.

"अहो, कुठल्या दवाखान्यात आहात?"

"दवाखान्यात? कोण?"

"तुम्ही! कंडक्टरवहिनींचा आत्ता फोन आला. म्हणाल्या, गुरुजींना श्रीवर्धनला ॲडमिट केलंय, आमचे हे भेटायला गेलेत. मला का नाही सांगितलंत? काय झालंय तुम्हाला?"

आम्ही सगळ्यांनी कंडक्टरकाकांकडे पाहिलं. ते पेटीची कडी तपासत होते.

"आता घरी कायतरी सांगायला लागतं," ते पुटपुटले. "चार म्हयने कट्ट्यावर आला न्हाय तुमी. म्हटलं, आजारपण तुमच्याच नावावर खपंल."

मी वडिलांच्या कानाशी लागलो. माझ्याकडे तयार माल होता. "सांगा, वास्तुशांतीत चक्कर आली. होमाचा धूर लागला. सलाइन लावून सोडलं." एका दमात तीन खोटी, एकात एक बसणारी.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात मुलगा पाटीवर भलतंच लिहून आणतो तेव्हा ते असंच बघत असावेत. मग फोन तोंडाजवळ नेला.

"मी बरा आहे. बोटीत आहे. वास्तुशांत वगैरे काही नाही. अलिबागला ठेवलेले पैसे गेले. सगळे. दोन वर्षं झाली. त्याचाच अर्ज द्यायला चाललोय."

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक.

"मग दर महिन्याचं व्याज?"

"माझ्या पेन्शनमधलं."

"आणि माझे गुडघे?"

टेंपोवाल्याने आपल्या गाडीतलं गाणं बंद केलं.

"ठेवते," आई म्हणाली.

वडील बंद फोन हातात धरून बसले. शेजारी खटकन कडी उघडल्याचा आवाज झाला. कंडक्टरकाकांनी पेटीतून मरून फोल्डर काढलं आणि बाकावर ठेवलं.

"गुरुजी, द्या तुमचा कागद हिकडं. साक्षीदार पायजेत ना दोन? मी एक."

"म्हणजे लेकीकडे नाही?" नर्सबाई म्हणाल्या.

"तुमी आधी शेंगा काढा बगू त्या," कंडक्टरकाका म्हणाले.

शेंगा निघाल्या, वर्तमानपत्र सुटलं. चार फोल्डरं, चार अर्ज, आणि चौघांच्याही अर्जात साक्षीदारांची जागा कोरी. चौघेही 'बघू'वर निघालेले! वडिलांच्या खिशात दोन पेनं होती. लाल त्यांनी परत खिशात टाकलं, निळं बाकावर फिरलं. कस्टमकाका प्रत्येक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचूनच सही करत होते.

"अहो, सही करा, माल काय पकडताय!" नर्सबाई ओरडल्या.

"त्या कंपनीचा कागद वाचला नव्हता," ते म्हणाले. "आता सगळं वाचतो."

मला कोणी सही मागितली नाही. मी नात्यातला होतो, आणि शिवाय मीच होतो.

दहाला पाणी चढलं, रॅम्प पडला. एका टमटममध्ये पाचजण कोंबून आम्ही श्रीवर्धन गाठलं. खिडकीवरच्या कारकुनाने पत्ते वाचले. "सगळे मुरुडचे? तिकडे शिबिर झालं की गेल्या आठवड्यात."

"तिकडे गर्दी होती," नर्सबाई म्हणाल्या. "ओळखीच्यांची."

बाराला दहा मिनिटं असताना वडिलांच्या हातात शिक्का मारलेली पोच पडली. पैसे कधी मिळतील, किती मिळतील, मिळतील का, असं वडिलांनी विचारलं. कारकून म्हणाला, "कळवू," आणि त्याने पुढच्या माणसाकडे हात केला.

परतीच्या बोटीत वडील उभेच राहिले. आगरदांड्याचा धक्का जवळ आला तशी त्यांची मान खाली खाली जाऊ लागली. धक्क्यावर, उन्हात, रिक्षाच्या कडेला धरून आई उभी होती. ती घराच्या पायऱ्यासुद्धा मोजून उतरते.

वडील समोर गेले. तिने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मनगटं उलटी करून सुईची खूण शोधली.

"खरंच नव्हतो दवाखान्यात," वडील म्हणाले.

"तुमचं काय खरं धरायचं, तेच बघायला आले."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने नुसता हात वर केला. मग तोच हात वडिलांपुढे पसरला. "ती पोच द्या. आता तुमच्याकडे काही ठेवायचं नाही." पोच तिच्या पर्समध्ये गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आहेराचं पाकीट?"

मी दिलं. तिने उघडून आतला रुपयासुद्धा तपासला.

रिक्षाची पायरी उंच होती. तिने धरायला दांडा शोधला, पण त्या बाजूला दांडा नव्हता. वडिलांनी खांदा पुढे केला. ती क्षणभर तशीच उभी राहिली, एक पाय जमिनीवर, एक हवेत. मग त्या खांद्यावर सगळा भार टाकून ती चढली आणि चढल्यावर लगेच हात काढून घेतला.